वर्गणी आणि भाडं

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

पितृपक्ष लागला. दिवाळी अंकाच्या पानांचे अकरा फॉर्म मला लावायचे आहेत, चारच लागलेत. सकाळी पाचवा इनडिझाइनमध्ये उघडायला गेले तर पडद्यावर अ‍ॅडोबीची पाटी: पैसे जमा झालेले नाहीत, योजना थांबवली आहे.

बँकेने मध्यंतरी नवं कार्ड पाठवलं होतं. दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याची परवानगी जुन्या कार्डावर होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून अशी परवानगी रीतसर नोंदवावी लागते आणि दर वजावटीआधी चोवीस तास सूचना येते. नियम ग्राहकाच्या भल्याचा आहे. सूचना आल्याही असतील, गणपतीच्या धावपळीत माझ्याकडून सुटल्या. चूक माझीच. पण ती निस्तरेपर्यंत दुपारचे दोन वाजले आणि तोवर संपादकबाईंचे तीन फोन येऊन गेले.

गेलेल्या वेळाचं दुःख नाही. पाचवा फॉर्म मीच लावायला घेतला होता. शब्द लेखकांचे, चित्रं चित्रकारांची, आणि फाइल माझ्याच यंत्रात. तरी चार तास मला ती नुसती उघडून बघताही येईना. हे मनातून जात नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

कपाट आवरताना पानं लावायच्या पेजमेकर ७ चा खोका हाती आला. आल्डस कंपनीने १९८५ मध्ये पेजमेकर आणलं, १९९४ मध्ये आल्डस अ‍ॅडोबीकडे गेली, आणि २००१ ची ही सातवी आवृत्ती शेवटची ठरली. मी ती पतपेढीचं कर्ज काढून घेतली होती. पुण्याच्या नारायण पेठेतल्या माझ्या खोलीत तेव्हा एकच यंत्र होतं.

खोक्याशेजारी मराठी फॉन्टचा डोंगल. प्रिंटरच्या पोर्टला तो लावल्याशिवाय अक्षरं उमटत नसत. घरी जाताना मी तो काढून पर्समध्ये घालून नेत असे, दागिन्यासारखा. पुढे नव्या यंत्रांना तसलं पोर्टच राहिलं नाही आणि विकत घेतलेली ती अक्षरं मुकी झाली. एकरकमी खरेदी म्हणजे जन्माची सोय, असं मी म्हणणार नाही. मी ते भोगलं आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

माझ्याकडे शिकायला येणारी मुलगी विचारत होती, "ताई, आधी सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून मिळायचं ना? मग ते बंद का केलं?"

तिला सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते. ६ मे २०१३ ला अ‍ॅडोबीने जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट (सीएस) या एकरकमी संचाची पुढची आवृत्ती येणार नाही, यापुढे फक्त दरमहा पैसे भरायचं क्रिएटिव्ह क्लाउड. अमेरिकेत तेव्हा सीएस६ चा डिझाइन स्टँडर्ड संच १,२९९ डॉलरला होता, सगळंच्या सगळं असलेलं मास्टर कलेक्शन २,५९९ डॉलरला. क्लाउड वर्षाच्या करारावर महिना ४९.९९ डॉलर. म्हणजे साध्या संचाची किंमत सव्वीस महिन्यांत फिटते आणि सत्ताविसाव्या महिन्यापासून भाडं चालूच राहतं. आमच्यासारखे लोक एक संच पाच-सहा वर्षं सहज वापरत. कंपनीला दर वेळी आम्हाला नवं घ्यायला राजी करावं लागे, त्यासाठी नव्या आवृत्तीत काहीतरी खरोखर उपयोगी द्यावं लागे. ती गरज कमी झाली.

पण याची दुसरी बाजू मी त्या मुलीपासून लपवणार नाही. एवढी रक्कम एकदम टाकणं पेठेतल्या कितीजणांना शक्य होतं? आमच्या पिढीतले बहुतेक जण चोरीच्या सीडीवर शिकले. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणायचं, बाकीचे उतरवून घ्यायचे. ही मुलगी दोन महिन्यांचं काम मिळालं की दोन महिन्यांचे पैसे भरते आणि पहिल्या दिवसापासून प्रामाणिकपणे काम करते. मला ते जमलं नव्हतं.

तिला एकच बजावलं: 'वार्षिक करार, मासिक हप्ते' असं लिहिलेलं असेल तर ते सुटे महिने नव्हेत. मध्येच सोडलं तर दंड पडतो. जून २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने अ‍ॅडोबीवर दावा लावला तो याच मुद्द्यावर, की सोडतानाच्या या रकमेची कल्पना गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट दिली जात नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सॉफ्टवेअरच्या या दरमहा पैशांना सगळेजण 'वर्गणी' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मासिकाची वर्गणी मी तीस वर्षं भरत आले आहे. ती थांबवली तर पुढचा अंक येत नाही. मागचे अंक माळ्यावर राहतात, त्यांना हात लावायला कुणी येत नाही. इथे वर्गणी थांबली की माळ्यालाच कुलूप लागतं. याला भाडं म्हणावं.

आणि कुलूप लागायला आपलीच चूक व्हावी लागते असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशापायी व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करत असल्याचं अ‍ॅडोबीने कळवलं होतं. त्याच महिन्याअखेर परवानगी मिळून ती वाचली, पण तोवर तिथल्या चित्रकारांनी ते दिवस कसे काढले असतील! नोव्हेंबर २०२२ मध्ये रंगांच्या पॅन्टोन कंपनीबरोबरचा करार बदलला आणि जुन्या फोटोशॉप फाइलींतले पॅन्टोनचे खास रंग काळे दिसू लागले. ते रंग परत हवे तर पॅन्टोनचं भाडं वेगळं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

एका कवीची मुलगी आली होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. २००४ मध्ये मी लावलेल्या त्यांच्या संग्रहाची दुसरी आवृत्ती तिला काढायची आहे. प्रकाशन संस्था बंद पडली, छापखानाही. फाइल माझ्या सीडीवर, पेजमेकरची.

इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइली उघडतात, क्लाउडमधल्या उघडत नाहीत. माझं २०१२ चं सीएस६ मागच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर आहे. विकत घेतलेलं, कुणाला न विचारता सुरू होणारं. संध्याकाळी साडेसहाला संग्रह उघडला. पानं जागेवर, ओळी जागेवर. अक्षरं मात्र जुन्या फॉन्टची, म्हणजे सगळा मजकूर युनिकोडमध्ये नेऊन पुन्हा मुद्रितं तपासायची. रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हमखास सरकतात. ती बाई पडद्यावर वडिलांची अर्पणपत्रिका बघत बराच वेळ बसून राहिली. मी चहा टाकायला आत गेले.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

यंत्राला, पट्टीला, कटरला झेंडूची फुलं वाहिली. मुद्रक काका सोनं द्यायला आले. त्यांचं मशीन जुनं, सेकंडहँड घेतलेलं, अजून रोज चालतं. माझी भाड्याची तक्रार ऐकून ते म्हणाले, "पण वहिनी, मेकॅनिकला मी दर वर्षी देतोच की!"

यावर दिवसभर विचार केला. त्यांचं म्हणणं रास्त आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही दरमहा घर चालवायचं असतं. देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळण्याची सोय इनडिझाइनमध्ये सीएस६ ला आली, ती कुणीतरी खपून केली म्हणूनच. अशा कामाला नियमित पैसे द्यायला माझी ना नाही. पण काकांचा मेकॅनिक एखाद्या वर्षी आला नाही तर छापून झालेली पुस्तकं मिटून जात नाहीत. माझी मागणी एवढीच आहे: भाडं थांबलं की नवं काम थांबवा, पण जुनी फाइल उघडायची, छापायची आणि दुसऱ्या स्वरूपात काढून घ्यायची मुभा कायम ठेवा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अंक कालच छपाईला गेला. आज विंडोज १० चा आधार संपला, म्हणजे यापुढे सुरक्षेच्या सुधारणा नाहीत. म्हणून त्यावर चालणाऱ्या मागच्या खोलीतल्या यंत्राची नेटची वायर काढून टाकली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

माझ्याकडे शिकणारी मुलगी सकाळी धावतच आली. अ‍ॅफिनिटी कालपासून फुकट! २०१४ पासून एकदाच पैसे घेऊन विकलं जाणारं ते सॉफ्टवेअर आमच्यासारख्यांचा आशेचा कोपरा होतं. मार्च २०२४ मध्ये ते कॅन्व्हा कंपनीने घेतलं, आणि आता चित्रं, फोटो आणि पानं यांचे तिन्ही भाग एकत्र करून मोफत, फक्त कॅन्व्हाचं खातं हवं. तिच्या पिढीला याचा फायदा होईल, आणि मला तो हवाच आहे. पण जे फुकट दिलंय ते मी विकत घेतलेलं नाही, खात्याच्या दारातूनच आत जायचंय. त्यावर सगळं काम सोपवायला माझं मन तयार नाही.

मला भरवसा वाटतो तो थ्रीडी चित्रांच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरसारख्या वाटेचा. २००२ मध्ये ते बुडत्या कंपनीकडून सोडवायला वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सगळ्यांसाठी कायमचं खुलं झालं. यालाच मी खरी वर्गणी म्हणेन. तसंच खुल्या असलेल्या, चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये देवनागरी चांगली जुळते. पानं लावायच्या स्क्रायबसची १.६ आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला आली, तीही जोडाक्षरं सांभाळते. मोठ्या अंकाला अजून माझा हात तिथे बसलेला नाही. कविसंग्रहाची दुसरी आवृत्ती त्यातच लावायला घेतली आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून माझ्या दरपत्रकात एक ओळ वाढवली: काम संपल्यावर छपाईची पीडीएफ, संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, चित्रं टिफमध्ये आणि मांडणीची फाइल इतर सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा स्वरूपात, सगळं पेनड्राइव्हवर देईन. वेगळे पैसे नाहीत. मुखपृष्ठ असो, दिवाळी अंक असो की लग्नाची पत्रिका, तुम्ही काम कुणाकडूनही करून घ्या, पण शेवटचे पैसे देण्याआधी एवढं मागून घ्या.