कुंचीतला देव

आई पायाच्या दुखण्यातून उठत होती, तेव्हाची गोष्ट. ताप गेला होता, जखमही भरली होती, पण पाऊल टेकवत नव्हते. डॉक्टरांचे काम संपले होते, आईचे दुखणे मात्र संपले नव्हते. त्या मधल्या दिवसांत तिच्या उशाशी बसून जुनी चित्रे चाळताना मला तेलेस्फोरस भेटला.

ग्रीकांचा वैद्यदेव अस्क्लेपियस. हातात दंड, दंडाला सापाचा वेढा. त्याच्या बाजूला कधीकधी एक ठेंगणे पोर उभे असते, डोक्यावरून झगा ओढून घेतलेले. आपल्या तान्ह्या बाळाची कुंचीच म्हणा ना! तोच तेलेस्फोरस. नावाचा अर्थ ‘शेवटास नेणारा’. आजच्या तुर्कस्तानातील पर्गामॉन येथे त्याची भक्ती विशेष होती. रोग हटल्यावर अंगात पुन्हा बळ येईपर्यंतचे दिवस त्याच्याकडे. असाही देव माणसांना लागला, याचे मला त्या दिवसांत मोठे अप्रूप वाटले.

पुढे अशा देवांच्या लहानशा ब्राँझमूर्ती युरोपातील हौशी संग्राहकांच्या कपाटांत शंख-प्रवाळांशेजारी जाऊन बसल्या. सतराव्या शतकात आमच्या गोव्यात जेझुइट गास्पार आंतोनियो यांनी घडवलेले औषधी ‘गोवा दगड’ही सोन्याच्या जाळीदार डब्यांतून तसल्याच संग्रहांत पोचले. औषध आणि देव, दोघेही शोभेला.

बेर्नार द माँफोकाँ या फ्रेंच बेनेडिक्टाइन साधूने १७१९ पासून प्राचीन वस्तूंच्या चित्रांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हा वैद्यदेवांचा परिवारही आहे. मूर्ती कोणाच्या संग्रहातली, ते त्यातल्या चित्रांपाशी नोंदलेले असते. मालकाचे नाव राहिले. पण ती मूर्ती कोणी, कोणाच्या दुखण्यासाठी करवून घेतली, ते कुठेच नाही. हे वाचून मी जरा खट्टू झालो.

आई चालू लागली, तेव्हा नवसाचा चांदीचा पाय करायला आम्ही सोनाराकडे गेलो. माझ्या डोक्यात ती चित्रे होतीच. म्हटले, ‘‘मागच्या बाजूला तुझे नाव कोरून घेऊया.’’

आई हसली. ‘‘नांव कित्याक? देवीक खबर आसा.’’

पाय बिननावाचाच वाहिला. देवळाच्या पायऱ्या मात्र ती माझा हात न धरता चढली.