बाणाचे वजन

वीस वर्षे वर्गात मी बाण सोडीत आलो आहे, अर्थात कवितेतले. नयनबाण, वाग्बाण, मदनाचे पंचबाण. त्यांचे वजन किती, असे एकाही विद्यार्थ्याने मला विचारले नाही. गेल्या दिवाळीत मात्र ताईकडे विस्कॉन्सिनला गेलो, तो पहिल्याच संध्याकाळी भाचा गॅरेजमध्ये सोनारासारखा काटा मांडून बाण तोलताना दिसला.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार संपली. तिकडे शरद ऋतूत धनुष्याने हरिण मारण्याचा रीतसर हंगाम असतो.

"अरे, मारायचेच, तर हा तोळामासा कशाला?" मी म्हटले.

"मारायचे म्हणूनच, मामा."

माप ग्रेनचे. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आपल्या गुंजेचा परदेशी चुलतभाऊ. ग्रॅमला सुमारे साडेपंधरा. पूर्वीचा त्याचा बाण साडेतीनशे ग्रेनचा होता. हलका, वेगवान, टोकाला लागताक्षणी उघडणारी पाती. दोन वर्षांपूर्वी तो हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसला. पाती उघडण्यातच बराच जोर सरला, बाण आत शिरलाच नाही. बॅटरीच्या उजेडात पानांवरचे रक्ताचे थेंब पाहत हा मध्यरात्रीपर्यंत हिंडला. थेंब एका ओढ्याशी संपले.

"दुसऱ्या दिवशीही शोधले," एवढे बोलून तो पात्याला धार लावू लागला. पुढचे वर्षभर त्याने धनुष्याला हात लावला नव्हता, हे मला ताईने मागाहून सांगितले.

आताचा बाण पाचशे ग्रेनचा. पाते घट्ट, न मिटणारे, वस्तऱ्यासारखे. कारण बाण मारतो तो धक्क्याने नव्हे, धारेने. जड बाण हळू जातो, पण हाड आडवे आले तरी त्याचा रेटा टिकतो. मात्र तो लवकर खाली झुकतो. अंतराचा अंदाज चुकला की संपले. शिवाय दोरीचा आवाज सेकंदाला अकराशे फूट धावणार आणि बाण जेमतेम अडीचशे. आवाज ऐकून हरिण दबते, मग बाण पोचतो. दशरथाचा बाण शब्दामागे गेला होता. इथे शब्दच बाणाच्या पुढे! म्हणून वीस यार्डांपलीकडे सोडायचा नाही, असे त्याने ठरवले आहे.

माझ्यातला प्राध्यापक गप्प कसा बसणार? भल्ल, क्षुरप्र, अर्धचंद्र अशी यादी मी म्हणून दाखवली. उलट्या काट्यांचा 'कर्णी' बाण मनुस्मृतीने युद्धात निषिद्ध ठरवला आहे, हेही सांगितले.

"इथेही बऱ्याच राज्यांत काटेरी पाते चालत नाही," तो म्हणाला. "आणि नाराच म्हणजे?"

"सबंध लोखंडी बाण."

"मग जड असणार. हाडासाठी."

वीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

नरकचतुर्दशीला पहाटे त्याने उटणे लावू दिले नाही. सुवासाने हरिण सावध होते म्हणे. ताई रागावली. तो अंधारातच गेला आणि दिवेलागणीला परतला. भात्यातले बाण मी नकळत मोजले. सगळे होते.

"आले नाही वाटते?" मी विचारले.

"आले होते. बराच वेळ उभे होते." बूट काढता काढता तो म्हणाला, "पस्तीस यार्डांवर."

ताईने त्याच्यापुढे चकलीची बशी सरकवली.