निरोप समारंभ

लोइस लाउरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) या इंग्रजी कादंबरीत भाषांतरकार एका साध्या शब्दापाशी अडतो : 'रिलीज'. या कादंबरीतल्या वसाहतीत भूक नाही, भांडण नाही, रंगही नाहीत. प्रत्येकाने नेमका शब्द वापरावा असा तिथला दंडक आहे. जेवायच्या आधी सहज 'उपाशी मरतोय' म्हटलं तरी मुलाला टोकतात. म्हाताऱ्या माणसांना तिथे समारंभाने 'रिलीज' करतात. जुळ्यांपैकी वजनात कमी भरलेल्या बाळाला करतात, वाट चुकलेल्या वैमानिकालाही करतात. याचा अर्थ मारून टाकणं, हे बारा वर्षांच्या जोनसला फार उशिरा कळतं. वाचकालाही तेव्हाच.

बडोद्यात आमच्या घरी दर रविवारी तेरा ते सोळा वयाची आठ-नऊ मुलं वाचायला जमतात. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी अशी ही मुलं. पुस्तक इंग्रजीतूनच वाचलं आणि मग मी त्यांना या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधायला सांगितला.

'मुक्ती' लगेच आला आणि लगेच बाद झाला. त्यात मोक्ष आहे, पहिल्याच पानावर मरण कळेल. 'सुटका'? तिथे तर आपण अडकलोय असं कुणालाच वाटत नाही. मग नववीतली एक मुलगी म्हणाली, "मावशी, 'निरोप' चालेल? दहावीच्या मुलांना देतो तसा. निरोप समारंभ." सगळे हसले. आम्ही वाक्यं करून पाहिली. 'वैमानिकाला निरोप देण्यात येईल.' 'लहान जुळ्याला बाबांनी सकाळी निरोप दिला.' वाक्यं सभ्य होती, व्याकरणशुद्ध होती. हसू थांबलं.

तेवढ्यात एकाने विचारलं, "मग आपण काय वेगळं करतो?" बांगडी फुटली की आजी 'वाढली' म्हणते. दुकान बंद करायचं म्हणजे 'वाढवायचं'. निघताना 'जातो' म्हटलं तर ओरडा बसतो, 'येतो' म्हणायचं. शेजारचे गुजराती 'आवजो' म्हणतात. म्हणजे आपणही त्या वसाहतीतलेच की!

यावर मी तौलनिक साहित्याच्या वर्गात शिकलेलं काहीतरी जुळवत होते, तोवर 'निरोप'वाली मुलगीच बोलली. "माझे आजोबा दिवाळीनंतर गेले. सगळे 'गेले' असंच म्हणत होते. पण म्हणताना रडत होते. या पुस्तकात कुणी रडतच नाही."

त्या दिवसापासून तिचं म्हणणं माझ्या डोक्यात आहे. आपले मऊ शब्द दुःखावर पांघरूण घालतात, पण पांघरुणाखाली काय आहे ते बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. जोनसचे वडील बाळाला सुई टोचतात, तेव्हा त्याच्याशी लाडिक आवाजात बोलत असतात. आपण काहीतरी लपवतोय असं त्यांच्या गावीही नाही. त्या कृतीला त्यांच्याकडे दुसरा शब्दच उरलेला नाही. जोनस त्याआधी एकदा आईवडिलांना विचारतो की तुमचं माझ्यावर प्रेम आहे का, तर ते हसतात आणि हा शब्द फार ढोबळ आहे म्हणून त्याला समजावतात. नेमकेपणाच्या त्या दंडकाखाली मारण्याला नाव राहिलं नाही, आणि मायेलाही नाही.

मुलांनी विचारलं, 'निरोप'ला तळटीप द्यायची का? नाही द्यायची, असं ठरलं. जोनसला कळेल तेव्हाच मराठी वाचकाला कळू दे. तोवर त्याने समारंभाला टाळ्या वाजवाव्यात.

पुढच्या रविवारी दुसरं पुस्तक सुरू करायचं होतं. पण एक मुलगा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. 'अतिक्रमण हटवले' या दोन शब्दांखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. तिथे किती घरं होती, त्यातली माणसं रात्री कुठे झोपली, हे बातमीत नव्हतं. नवं पुस्तक आम्ही त्या दिवशी उघडलंच नाही.