गोंड्याच्या पोटातली गाठ

2011 च्या पोळ्याला राजा आणि सोन्या ही आमची बैलजोडी मिरवून परत आली, तेव्हा राजाच्या कपाळावरचा गोंडा निम्माच उरला होता आणि सोन्याच्या मठाठीला, म्हणजे कपाळावरच्या पट्ट्याला, नुसता दोरा लोंबत होता. दोन्ही गोंडे मी केलेले. सासरचा माझा तो पहिला पोळा. माहेर लातूर शहरातलं, बैलाच्या अंगाला हात लावायची वेळ कधी आली नव्हती; पण शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याच्या दोन चकत्या एकावर एक ठेवून लोकरीचे गोंडे करायला शिकले होते. म्हणून आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, म्हटलं, यंदा गोंडे विकत आणू नका, मी करते. चार रात्री बसून चौदा गोंडे केले. आमची जोडी लाल कंधारी, गडद तांबड्या रंगाची. त्यावर पिवळेधमक गोंडे असे उठून दिसले की मामा, म्हणजे माझे सासरे, घटकाभर लांब उभे राहून नुसते पाहत राहिले.

मारुतीच्या देवळाला जाऊन यायच्या वाटेवर एक जोराची सर आली. हलगी वाजत होती, बैल माना झटकत होते, दिसेल त्या लिंबाला अंग घासत होते. संध्याकाळी मी त्याच वाटेनं गेले, तर चिखलात जागोजाग पिवळे धागे तुडवलेले. ते वेचत वेचत घरी आले, चांगले ओंजळभर भरले. घरात कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात वासराच्या तोंडातून एक पिवळा धागा लोंबताना दिसला. अजून गिळला नव्हता, चघळत होतं. मामांनी त्याच्या गालफडात बोट घालून तो काढला, हातावर धरला आणि उकिरड्यावर न टाकता चुलीत टाकला. गुरांच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं, असला धागा पचत नाही, कोठीपोटात साठत राहतो. प्लास्टिकच्या पिशव्यांचं होतं तसंच. गोंडा गळणं ही केवळ शोभेची बाब नाही, हे मला त्या सकाळी कळलं. धागा सुटणार नसेल तरच गोंडा जनावराच्या अंगावर बांधायचा, एवढं मी ठरवलं. कसं करायचं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

ते शिकवलं तांड्यावरच्या एका बाईनं. आमच्या शिवारापासून दोनेक किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. आमच्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांसारखंच त्यांचंही चालायचं: दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन बैलगाडीनं साखर कारखान्यावर जायचं, हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्यात परत यायचं. पावसाळ्यात ती आमच्याकडे खुरपणीला यायची. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. अंगावर फेट्या-कांचळी, आणि कमरेला एक कापडी पिशवी, तिच्या काठाला कवड्या आणि लाल-पांढरे गोंडे. त्या पिशवीला किती वर्षं झाली, असं विचारलं तर म्हणाली, "थोरल्या पोराच्या लग्नातली हाय." थोरल्या पोराची पोरगी तेव्हा सातवीत होती.

मी घरातून उरलेला एक गोंडा आणून तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट पाहिला नाही की नावाजला नाही. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत आठ-दहा धागे धरले आणि ओढले. सगळे अलगद बाहेर आले.

"ह्याच्या पोटात गाठच न्हाई," ती म्हणाली.

गाठ होती. मी स्वतः मारलेली होती, तीही दोनदा. पण त्याच मऊ लोकरीनं मारलेली. लोकर ताणली की लांबते, गाठ बसल्यासारखी वाटते आणि सोडलं की पुन्हा सैल होते. जास्त ओढावं तर तुटते. याडीनं पिशवीतून दोऱ्याची एक गुंडी काढली, चपला शिवायला वापरतात तसला मेण लावलेला सुती दोरा. बारीक, काळपट, बोटाला चिकटणारा. मला वाटायचं, बांधायला दोरा जितका जाड तितका बरा. तिनं दोन्ही करून दाखवलं. जाड दोरा धाग्यांच्या जुडग्यावर वरवर बसतो, बारीक दोरा आत रुततो. नायलॉनचा दोरा बारीक असतो आणि मजबूतही असतो, पण गुळगुळीत. त्याची गाठ आपोआप मागे सरकते. मेणामुळे दोरा दोऱ्याला धरून राहतो आणि पाणीही पटकन पीत नाही.

आता ती गाठ. चार बोटांभोवती लोकर गुंडाळायची. मी साठ वेढे घ्यायची, तिनं एकशेवीस घेतले. बोटांची टोकं लाल झाली. जुडगं बोटांवरून अलगद काढून बरोबर मधोमध मेणदोरा घालायचा. पहिल्या अढीत दोऱ्याला एक नाही, दोन पीळ द्यायचे, म्हणजे दुसरी अढी घालेपर्यंत पहिली मोकळी होत नाही. मग एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं, दुसरं हाताला गुंडाळायचं आणि ओढायचं. एवढ्यावर मी थांबत होते. याडी थांबली नाही. तिनं ताण तसाच धरून ठेवला, तोंडानं काही पुटपुटत वीसेक अंक मोजले असतील, आणि पुन्हा ओढलं. दोरा आणखी दोन सूत आत गेला. लोकरीतली हवा निघून जायला तेवढा वेळ लागतो. मग जुडगं पालथं केलं, दोरा मागून फिरवून आणला आणि दुसऱ्या अंगाला तशीच गाठ पुन्हा मारली. एकशेवीस वेढ्यांचं ते जाडजूड जुडगं मधोमध पेन्सिलीएवढं बारीक झालं होतं.

टांगायचा दोर तिनं त्या गाठीच्या दोऱ्याला जोडला नाही. दाभणानं तो वेगळा ओवला, गाठीच्या खालून, पोटातून आरपार. बांधायच्या दोऱ्यानं फक्त धागे धरायचे आणि टांगायच्या दोरानं फक्त वजन पेलायचं. माझ्या गोंड्यात एकच दोरा ही दोन्ही कामं करत होता. बैलानं मान झटकली की प्रत्येक हिसका थेट गाठीवर बसत होता.

शेवटी कात्री. फासे कापून झाल्यावर मला गोंडा मोठा आणि मोकळा आवडायचा. याडीनं तो फिरवत फिरवत इतका छाटला की जीव हळहळला. निम्मी लोकर तिच्या ओच्यात पडली. उरला तो कदंबाच्या फुलासारखा घट्ट, बोट रुतणार नाही असा. धागा लांब असला की तो कशातही अडकतो, शिंगात, काट्यात, शेजारच्या बैलाच्या जिभेत. आखूड धाग्याला धरायला जागाच नसते. तिनं तो माझ्यापुढे केला. मी चिमटीत धरून ओढला. पुन्हा ओढला. काही आलं नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मी बऱ्याच गोष्टी धडपडून शिकले. एकेक गोंडा बोटांवर करण्यापेक्षा बाजेच्या दोन खुरांमध्ये लांब आटी ताणून धरायची, तिला सारख्या अंतरावर मेणदोऱ्याच्या गाठी मारत जायचं आणि मग दोन गाठींच्या मधोमध कापायचं. एका आटीत दहा-बारा गोंडे निघतात आणि सगळे एका मापाचे. मठाठीसाठी हे फार महत्त्वाचं, कारण तिथे एक गोंडा जरी लहानमोठा झाला तरी बैलाचं कपाळ वाकडं दिसतं.

लोकरीचा घोळ त्याहून मोठा. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक वेळा मेंढीची नसतेच, अ‍ॅक्रिलिकची असते. ओळखायला सोपी आहे. धागा पेटवून बघावा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि मागे चुरगळणारी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. घासलं, भिजलं की ते एकमेकांत गुंततात. घोंगडी वापरून वापरून दाट होते ती याचमुळे. म्हणजे जो पाऊस आणि जी घासाघीस माझ्या पहिल्या गोंड्यांना खाऊन गेली, तीच खऱ्या लोकरीच्या गोंड्याला घट्ट करते. हे समजल्यावर मी एका धनगर कुटुंबाकडून दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचं हातानं कातलेलं सूत आणलं. राठ असतं, हाताला टोचतं, पण त्या काळ्या गोंड्यांच्या मधोमध एक पांढरी कवडी शिवली तर लाल कंधारीच्या कपाळावर त्याहून देखणं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. कवडीची पाठ आधी दगडावर घासून उघडावी लागते, तरच सुई आरपार जाते. या लोकरीला एकच जपावं लागतं, ते म्हणजे कसर. ट्रंकेत डांबरगोळ्या ठेवायच्या आणि वर्षातून दोनदा सगळं उन्हात घालायचं.

रंगानंही एकदा घात केला. बाजारातून आणलेल्या लाल सुताचा रंग पावसात उतरला आणि आत्याबाईंनी हातानं शिवलेल्या पांढऱ्या झुलीवर गुलाबी ओघळ आले. ते आजतागायत गेले नाहीत. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं खूप जणींनी सांगितलं. मी करून पाहिलं. रंग पुढच्या धुण्यात पुन्हा उतरला. आता सूत आणलं की आधी कोमट पाण्यात घालते, पांढऱ्या फडक्यात दाबते, आणि पाणी निर्मळ येईपर्यंत धुते. पाच धुण्यांतही नितळ आलं नाही तर ते सूत बैलाला वापरत नाही.

लोंबत्या गोंड्याची मान बांधायला मी अंबाजोगाईत एका पटवेकऱ्याकडे शिकले. मंगळसूत्र गाठवून घ्यायला गेले होते. ठुशीच्या मागे जो सरकता रेशमी गोंडा असतो, तो ते करत होते. मानेभोवती वेढे घेऊन झाले, टोकही कापलं, पण गाठ कुठेच दिसेना. विचारलं, तर हसून पुन्हा केलं, सावकाश. आधी दोऱ्याची एक अढी मानेवर उभी ठेवायची, तिच्यावरून वेढे घेत जायचे, शेवटचं टोक त्या अढीत घालायचं आणि खालचं टोक ओढायचं. अढी टोकाला घेऊन वेढ्यांखाली जाते आणि तिथेच दबून बसते. दोन्ही टोकं आत. सुटायला बाहेर काही उरतच नाही. सोन्याच्या दागिन्यासाठी असलेली ती रीत मी कासऱ्याच्या गोंड्यांना लावली, आणि ते गोंडे आजही तसेच आहेत.

2015 ला आमच्याकडे पाऊसच नव्हता. प्यायला टँकरचं पाणी, कित्येकांची जनावरं चारा छावणीत. नवं काही घ्यायचा प्रश्नच नव्हता. मामांनी ट्रंक उघडायला लावली. गोंड्यांवर तीन-चार पोळ्यांची धूळ आणि हिंगुळाचे डाग होते, आणि धुवायला पाणी नव्हतं. मी ते उन्हात झटकले, जुन्या दात घासायच्या ब्रशनं विंचरले आणि भात शिजत होता त्या भगोण्याच्या वाफेवर एकेक धरला. दबलेली लोकर वाफेनं फुलते. तेवीस गोंडे फुलवले. त्या वर्षी खांदेमळणीला हळद होती, तूप नव्हतं. पण बैल दारात सजून उभे राहिले, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागला नाही. औक्षण करताना आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू ह्ये करून ठिवलं." 2011 मध्ये कुणी काही बोललं नव्हतं, त्याचं ओझं त्या दिवशी उतरलं.

राजा म्हातारपणानं गेला. त्याच्या जागी आलेल्या गोऱ्ह्याचं कपाळ अरुंद आहे, म्हणून मठाठीतले दोन गोंडे कमी केले. 2020 ला मिरवणूक निघाली नाही, पोळा दारातल्या दारात झाला. याडी आता कारखान्यावर जात नाही. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण मी नवा गोंडा नेला की हातात घेते, चिमटीत धरते आणि ओढते. अजून तिच्या तपासणीशिवाय मी एकही गोंडा बैलाला बांधत नाही.

दर वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी वेशीपासून घरापर्यंतची वाट मी एकदा चालून येते. पडलेले धागे वेचते, कुणाच्याही बैलाचे असोत. हल्ली चकचकीत प्लास्टिकचे तयार गोंडे फार आले आहेत, त्यामुळे पिशवी भरायला वेळ लागत नाही. गेल्या पोळ्याला त्या सगळ्या जांभळ्या-हिरव्या पसाऱ्यात काळ्या लोकरीचा एक धागा सापडला, बोटभर लांबीचा. गावात काळ्या लोकरीचे गोंडे फक्त आमच्याकडे. घरी आल्यावर कंदील गोठ्यात नेला आणि दोन्ही बैलांच्या मठाठ्या सोडून घेतल्या. पायरीवर बसून एकेक गोंडा चिमटीत धरून ओढत गेले. नववा गोंडा सोन्याच्या उजव्या कानाजवळचा. त्यातून आणखी तीन धागे आले. कात्रीनं तो मधोमध उघडला. मेणदोरा शाबूत होता, पहिली गाठही होती. पालथं करून मारायची दुसरी गाठ तेवढी मी विसरले होते.