फक्त मराठी लिहिणारा

रावेरच्या तहसील कचेरीजवळ अर्ज टाइप करून देणाऱ्या एका टेबलावर हा कीबोर्ड असतो. काळा, जाडसर, यूएसबीच्या वायरीनं लॅपटॉपला जोडलेला. अंगावरच्या कापडी झाकणाला केळीच्या चिकाचा डाग; तो धुऊन निघत नाही, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. झाकण काढलं की कळांवरचे स्टिकर दिसतात: के-वर क, जे-वर र, डी-वर अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह.

स्वभाव एकमार्गी. हा मराठीच लिहितो. ई-मेल, पॅन क्रमांक, पासवर्ड ही कामं लॅपटॉपच्या स्वतःच्या कळफलकावर, इंग्रजीत. वारसनोंदीचा अर्ज आला, वादळात केळी आडवी झाल्याचं निवेदन आलं, की हात याच्याकडे वळतात. दर ओळीला भाषा बदलत बसायचं नाही. ही सोय मला फार मोलाची वाटते. समोर शेतकरी ताटकळत उभा असतो.

खरं तर अक्षरओळख त्याला नाही. के दाबली की तो १४ हा आकडा तेवढा पाठवतो. त्याचा क करायचा की इंग्रजी के, ते संगणक ठरवतो. विंडोज जोडलेल्या सगळ्या कीबोर्डांना एकच मांडणी लावतं. लिनक्सच्या एक्स प्रणालीत मात्र 'सेटएक्सकेबीमॅप' या आज्ञेत याचा उपकरण-क्रमांक घातला, की इनस्क्रिप्ट ही मांडणी याच्यापुरती लागते. वायर निसटली, परत जोडली, की हा इंग्रजी उमटवू लागतो आणि आज्ञा पुन्हा द्यावी लागते. एवढी एक खोड.

इनस्क्रिप्ट १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं ठरवली. स्वर डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. 'केळी' लिहून पाहा: क उजव्या हातानं, मात्रा डाव्या, ळ उजव्या, वेलांटी डाव्या. टाइपरायटरवर तयार झालेल्या बोटांना मात्र 'विहिरीची नोंद' लिहिताना सुरुवातीला अडखळायला होतं. तिथं ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व. इथं आधी व, मग वेलांटी.

रावेरातून जाणारा बऱ्हाणपूरचा रस्ता पश्चिमेला थेट गुजरातेतलं अंकलेश्वर गाठतो. तिकडच्या व्यापाऱ्याला गुजरातीत पत्र लिहायचं झालं, तर आणखी एक कीबोर्ड जोडून त्याला गुजराती इनस्क्रिप्ट द्यावी. बोटांना नव्यानं शिकावं लागणार नाही. गुजराती क-ही के-वरच आहे.