बीटल : एका गाडीचे अनेक जन्मदाते

फोक्सवॅगन बीटलची जन्मकथा बहुतेकदा एका वाक्यात उरकली जाते : हिटलरने मागितली आणि फर्डिनांड पोर्शने बनवली. वाक्य खोटं नाही. पण तेवढ्यावर थांबलं, की कितीतरी माणसं कथेतून गळून पडतात. कोणाच्या कल्पना या गाडीत उतरल्या, कोणी तिच्यासाठी पगारातून पैसे बाजूला टाकले, कोणाला तिच्या कारखान्यात जबरदस्तीने राबवलं गेलं आणि तो पडका कारखाना पुन्हा कोणी चालू केला, हे कळतच नाही. मला ही गाडी मनापासून आवडते. म्हणूनच तिची हकीकत पुरी सांगितली जावी, असं वाटतं.

*

जानेवारी १९३४ मध्ये पोर्शने सरकारला दिलेल्या निवेदनात सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीची किंमत १५५० मार्क धरली होती. हिटलरला ती हजाराच्या आत हवी होती. बाकीच्या अटी अशा : आई-वडील आणि तीन मुलं मावली पाहिजेत, नव्या महामार्गांवर ताशी १०० किलोमीटरचा वेग टिकला पाहिजे आणि १०० किलोमीटरला सात लिटरच्या आसपास पेट्रोल लागावं. इंजिन हवेवर थंड होणारं असावं, कारण ही गाडी घेणाऱ्या माणसाकडे गॅरेज नसणार. जर्मनीतल्या हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीतलं पाणी गोठतं आणि गोठलेलं पाणी इंजिनाचा ब्लॉक फोडतं. पाणीच नसेल तर ती भीतीही नाही.

जून १९३४ मध्ये जर्मन मोटार उत्पादकांच्या संघटनेने पोर्शशी करार केला. कंपन्यांना या कामाचा फारसा उत्साह नव्हता. सरकारी पाठबळाची स्वस्त गाडी त्यांच्याच बाजारात उतरणार होती.

*

इंजिनाबद्दल थोडं सविस्तर. मोटरसायकलच्या सिलिंडरभोवती दिसतात तशाच फिन्स बीटलच्या चारही सिलिंडरांभोवती असतात. मोटरसायकलला समोरून वारा मिळतो. बीटलचं इंजिन मागच्या झाकणाखाली दडलेलं, तिथे वारा पोचत नाही. म्हणून डायनॅमोच्याच दांड्यावर पंखा बसवला आणि पत्र्याच्या आवरणातून त्याची हवा नेमकी फिन्सवर सोडली. एकच पट्टा डायनॅमोही फिरवतो आणि पंखाही. पट्टा तुटला तर गाडी लगेच थांबवायची, हा बीटल चालवणाऱ्याचा पहिला धडा.

सिलिंडर दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आडवे. क्रँककेस हलक्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, होजपाइप नाहीत. इंजिन मागे आणि ओढणारी चाकंही मागेच, त्यामुळे पुढून मागे जाणारा लांब दांडा लागत नाही, आणि इंजिनाचं वजन चाकांवर पडल्याने चिखलात-बर्फात पकड चांगली राहते.

याची किंमतही होती. मागे जड असलेली ही गाडी वळणावर जोरात घातली तर शेपूट बाहेर फेकायची, आडव्या वाऱ्यात डगमगायची, आणि पुढच्या डिकीत सामान बेताचंच मावायचं. हे दोष खरे होते आणि रचनेतूनच आलेले होते.

*

हे इंजिन पोर्शने स्वतः आखलेलं नव्हतं. स्वस्तात बसावं म्हणून त्याच्या माणसांनी आधी दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक इंजिनं करून पाहिली. ती टिकेनात. मग फ्रान्झ क्साव्हर राइमस्पीस या अभियंत्याने चार आडव्या सिलिंडरांचा फोर-स्ट्रोक आराखडा मांडला आणि तोच कायम झाला. गाडीचा गोलाकार सांगाडा एर्विन कोमेंडाने घडवला. मुख्य अभियंता कार्ल राबे होता. पोर्शचं मोठेपण अशी माणसं जमवण्यात आणि त्यांना एका दिशेला लावण्यात होतं, आणि ते लहान नाही.

*

करार होण्याआधीही पोर्शने लहान गाडीचे दोन प्रयत्न केले होते. १९३१-३२ मध्ये त्सुंडाप या मोटरसायकल कंपनीसाठी, मग १९३३-३४ मध्ये एनएसयूसाठी. दोन्हींचे मोजकेच नमुने तयार झाले आणि दोन्ही कंपन्यांनी काम सोडलं. एनएसयूच्या गाडीत मागचं, हवेवर थंड होणारं, चार आडव्या सिलिंडरांचं इंजिन होतं. तिचं चित्र पाहिलं की बीटल ओळखू येते.

*

पोर्शच्या गटाबाहेरचं पहिलं नाव हान्स लेडविंका. चेकोस्लोव्हाकियातल्या कोप्रिव्हनित्से गावच्या टाट्रा कंपनीचा मुख्य अभियंता. १९२३ च्या त्याच्या टाट्रा ११ मध्ये मधोमध एकच नळीदार कणा होता आणि हवेवर थंड होणारं इंजिन होतं. १९३४ ची टाट्रा ७७ मागच्या इंजिनाची, वारा कापणाऱ्या आकाराची. त्यानंतरच्या टाट्रा ९७ मध्ये मागे चार आडवे सिलिंडर होते, तेही हवेवर थंड होणारे. पोर्श आणि लेडविंका एकमेकांना ओळखत, एकमेकांचं काम पाहत. टाट्राने पेटंटच्या हक्काची तक्रार केली. पुढे जर्मन फौजांनी देशच ताब्यात घेतला आणि टाट्रा ९७ बंद पडली. फोक्सवॅगनने भरपाई देऊन हा वाद मिटवला तो १९६० च्या दशकात. युद्धानंतर लेडविंकाला चेकोस्लोव्हाकियात काही वर्षं तुरुंगात काढावी लागली.

*

योझेफ गान्झ. बुडापेस्टमध्ये जन्मलेला ज्यू अभियंता, 'मोटोर-क्रिटिक' या जर्मन नियतकालिकाचा संपादक. जुन्या धाटणीच्या जड, महाग गाड्यांवर तो सडकून टीका करायचा आणि हलकी, बुटकी, चारही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारी गाडी सामान्य माणसासाठी का बनत नाही, असं कंपन्यांना विचारायचा. १९३१ मध्ये त्याने 'मायकेफर' नावाचा नमुना बनवला. त्याच्या कल्पनांवरची 'स्टँडर्ड सुपीरियर' ही छोटी गाडी फेब्रुवारी १९३३ च्या बर्लिन प्रदर्शनात उभी होती. हिटलरने सत्तेवर आल्यावर उघडलेलं ते पहिलं मोटार प्रदर्शन. काही महिन्यांतच गेस्टापोने गान्झला अटक केली. सुटल्यावर १९३४ मध्ये तो देश सोडून गेला. तो १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात वारला. तोपर्यंत बीटल जगभर धावत होती आणि त्याचं नाव जवळजवळ कोणालाच माहीत नव्हतं. बीटल पूर्णपणे गान्झचीच, असं मी म्हणणार नाही. पण सामान्यांच्या गाडीचा आग्रह धरणाऱ्यांत तो आघाडीवर होता आणि जर्मनीत त्याचं नाव मुद्दाम पुसलं गेलं, ही गोष्ट साधी नाही.

*

तिसरं नाव बेला बारेनीचं. त्याने विद्यार्थी असताना १९२५ मध्ये अशाच रचनेच्या गाडीचं रेखाटन केलं होतं. १९५० च्या दशकात तो न्यायालयात गेला आणि त्याचं श्रेय मान्य झालं. मर्सिडीझमध्ये त्याने पुढे अपघातात चेपून धक्का शोषणाऱ्या भागाची कल्पना मांडली. आजच्या जवळजवळ प्रत्येक गाडीत ती आहे.

*

इकडे पोर्शच्या नमुन्यांच्या चाचण्या कसून झाल्या. १९३६ च्या अखेरीस तीन गाड्या प्रत्येकी ५०,००० किलोमीटर पळवल्या. क्रँकशाफ्ट मोडले, दुरुस्त्या झाल्या, पुन्हा पळवल्या. १९३७ मध्ये आणखी ३० गाड्या बांधल्या आणि एसएस या नाझी दलाच्या चालकांकडून लाखो किलोमीटर चालवून घेतल्या. त्या काळात एका स्वस्त गाडीवर एवढी मेहनत घेतली जात नसे. बीटल पुढे इतकी दणकट ठरली, त्याचं एक कारण इथे आहे.

*

२६ मे १९३८. फालर्सलेबेनजवळ कालव्याच्या काठी कारखान्याची पायाभरणी झाली. पैसा जर्मन श्रमिक आघाडी या नाझी संघटनेचा होता. १९३३ मध्ये नाझींनी कामगार संघटना मोडून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. तिच्यातूनही हा पैसा उभा राहिला. म्हणजे कामगारांकडून हिसकावलेल्या पैशातून कामगारांना गाडीचं आमिष.

योजना अशी : दर आठवड्याला किमान पाच मार्कांचं तिकीट घ्यायचं आणि कार्डावर चिकटवायचं. किंमत ९९० मार्क. व्याज नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले. त्या योजनेतून एकालाही गाडी मिळाली नाही. युद्धकाळात साध्या बीटल जेमतेम काहीशे बनल्या आणि त्याही बड्या पदाधिकाऱ्यांकडे गेल्या. बचतदार युद्धानंतर वर्षानुवर्षं न्यायालयात लढले. १९६१ मध्ये तडजोड झाली : नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट किंवा रोख १०० मार्क.

*

युद्धात कारखान्याने लष्करी क्यूबेलवागन आणि पाण्यातही चालणारी श्विमवागन बनवली, विमानांचे भाग आणि व्ही-१ बॉम्बचं काम केलं. त्यासाठी सुमारे २०,००० माणसांना सक्तीने राबवलं : पोलिश, सोव्हिएत, फ्रेंच, इटालियन, युद्धकैदी, छळछावण्यांतले बंदी. १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीतून हंगेरियन ज्यू आणले गेले. सक्तीने आणलेल्या पोलिश आणि सोव्हिएत बायकांची तान्ही बाळं त्यांच्यापासून काढून कंपनीच्या बालगृहात ठेवली जात. रूएन गावच्या त्या बालगृहात साडेतीनशेहून अधिक बाळं दगावली. जबाबदार डॉक्टरला युद्धानंतर फाशी झाली.

तेव्हा कारखान्याची सूत्रं पोर्श आणि त्याचा जावई अँटोन पीएख यांच्याकडे होती. पोर्शच्या प्रतिभेचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

*

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन फौजा आल्या, मग हा भाग ब्रिटिशांकडे गेला. कारखान्याभोवतीच्या वसाहतीला जवळच्या किल्ल्यावरून वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळालं. छपरं उडालेली, कोळसा नाही, पोलाद नाही, आणि कारखाना मोडून यंत्रं नुकसानभरपाईत नेली जाण्याची टांगती तलवार. ऑगस्टमध्ये मेजर आयव्हन हर्स्ट हा तरुण ब्रिटिश लष्करी अभियंता तिथे आला. त्याने एक शाबूत गाडी खाकी रंगवून मुख्यालयात पाठवली. लष्कराला वाहनं हवीच होती. २०,००० गाड्यांची मागणी नोंदवली गेली आणि त्या मागणीने कारखाना वाचवला.

२७ डिसेंबर १९४५ रोजी उत्पादन सुरू झालं. वर्षअखेर ५५ गाड्या झाल्या. मार्च १९४६ मध्ये महिन्याला हजार. त्यानंतरच्या कडक हिवाळ्यात कोळशाअभावी काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. हर्स्टने तपासणी विभाग आणि दुरुस्ती सेवा यांचा पाया घातला. नोव्हेंबर १९४५ मध्येच कामगारांनी आपली निवडून दिलेली समितीही स्थापन केली होती. अर्धपोटी माणसांनी गळक्या छपराखाली या गाड्या बांधल्या. ब्रिटिश मोटार उद्योगाने मात्र ही गाडी पाहून तिच्यात व्यापारी दम नाही, असं ठरवलं.

*

जानेवारी १९४८ मध्ये हाइनरिख नॉर्डहोफ प्रमुख झाला. तो आधी ओपेलमध्ये होता. बाहेरचा आकार सहसा बदलायचा नाही, आतून सुधारत राहायचं आणि जिथे गाडी विकायची तिथे सुटे भाग व मेकॅनिक आधी पोचवायचे, हे त्याचं सूत्र. परदेशात पहिल्या गाड्या १९४७ मध्ये हॉलंडला गेल्या. निर्यातीच्या मॉडेलला १९५० मध्ये केबलऐवजी हायड्रॉलिक ब्रेक आले. ५ ऑगस्ट १९५५ रोजी दहा लाखावी गाडी बाहेर पडली. फेब्रुवारी १९७२ मध्ये बीटलने फोर्डच्या मॉडेल टी-चा विक्रम मोडला. शेवटची बीटल २००३ मध्ये मेक्सिकोत बनली. एकूण संख्या २ कोटी १५ लाखांवर.

*

मुंबई-पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या रॅलीत आजही बीटलभोवती गर्दी जमते आणि कोणीतरी जाणकार पोर्शची गोष्ट सांगू लागतो. त्या जाणकारांना एकच विनंती. पोर्शचं नाव जरूर घ्या, ते त्याच्या हक्काचं आहे. त्याच्याबरोबर लेडविंका, गान्झ, बारेनी, राइमस्पीस आणि हर्स्ट यांचीही नावं घ्या. आणि ज्यांना त्या कारखान्यात जबरदस्तीने राबवलं, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय गोष्ट संपवू नका.