बंदुकीचें गोत्र

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आठवीच्या वर्गांत इतिहासाचा तास चालू असतां मागच्या बाकावरील एक विद्यार्थी मान खालीं घालून कांहीं रेखाटीत बसलेला आमच्या दृष्टीस पडला. जवळ जाऊन पाहतों तों वहीच्या शेवटच्या पानावर एक बंदूक! आम्हीं एक शब्दही न विचारतां तें पान फाडलें, त्याचे चार तुकडे करून टोपलींत टाकले आणि "शाळा ही शस्त्रें काढण्याची जागा नव्हे," एवढें बोलून पुढचा धडा सुरू केला. मुलगा कांहीं बोलला नाहीं. शिस्त राखल्याचें समाधान त्या दिवशीं आम्हांस वाटलें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. ते पोलीस शिपाई. "सर, वर्गांत असलं काढूं नये, हें तुमचं बरोबरच आहे," ते म्हणाले, "पण तें पान असेल तर द्याल का? घरीं माझा भरतीच्या वेळचा फोटो आहे. त्यांत माझ्या हातांत जी रायफल आहे ती त्यानं काढली होती. आणि खालीं एक प्रश्न लिहिला होता, तुम्हांला विचारायचा म्हणून."

प्रश्न असा होता: ही बंदूक कोणत्या देशाची?

टोपली तर आदल्या सायंकाळींच रिकामी झाली होती. आम्हीं त्या गृहस्थांची क्षमा मागितली. परंतु त्याहून अधिक लाज आम्हांस दुसऱ्याच गोष्टीची वाटली. तो प्रश्न त्या मुलानें आम्हांस तोंडीं विचारला असता, तरी त्याचें नीट उत्तर देतां आलें नसतें! कॉलेजांत असतां राष्ट्रीय छात्रसेनेच्या कवायतींत तीच 'थ्री नॉट थ्री' रायफल आम्हीं खांद्यावर वाहिली होती. तिचें चार किलोंचें वजन आमच्या खांद्यास ठाऊक होतें; तिचें कुळ मात्र ठाऊक नव्हतें. मग आम्हीं पुस्तकें काढलीं, आणि पंधरा दिवसांनीं एका शनिवारीं उघाड पाहून तो सबंध वर्ग वसईच्या किल्ल्यांत नेला.

किल्ला निवडण्याचें कारण असें कीं बंदुकीच्या प्रवासाची एक वाट आपल्याच दारावरून गेलेली आहे. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. त्यांच्या शिपायांजवळ तोड्याची बंदूक असे. नळींत दारू व गोळी ठासावयाची, आणि चाप ओढला म्हणजे पेटती वात कानाजवळच्या दारूवर येऊन बार उडे. पाऊस आला कीं वात विझे आणि शिपाई निरुपाय होई! उत्तरेंत बाबरानें १५२६ सालीं पानिपतावर तुर्की धर्तीच्या अशाच बंदुका वापरल्या होत्या; म्हणजे हें हत्यार आपल्या देशांत खुष्कीनेंही आलें आणि समुद्रानेंही. आपल्या भाषेंतही त्याची खूण राहिली आहे. 'बंदूक' हा शब्द अरबी वळणाचा, तर 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे पोर्तुगीजांकडून आलेले.

१५४३ सालीं कांहीं पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले. तेथील तरुण सरदारानें त्यांच्यापासून दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहारांस तशाच घडविण्यास सांगितलें. त्या बंदुकांची धाटणी गोवा-मलाक्का भागांतील असावी, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. अवघ्या ३२ वर्षांनीं, १५७५ सालीं, नागाशिनोच्या लढाईंत ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनीं नामांकित घोडदळाची दाणादाण उडविली. ज्या समुद्रमार्गानें ती बंदूक जपानला गेली, त्याच मार्गानें पुढें आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया गेला, तो मात्र निःशस्त्र. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्याचा प्राण घेण्यांत आला. एकाच वाटेनें किती निरनिराळ्या गोष्टी प्रवास करतात, हें मुलांनीं त्या पडक्या तटावर बसून ऐकलें.

आतां 'रायफल' म्हणजे काय, तें पाहूं. साध्या बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असते. नळींत पिळाचे चरे पाडले म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते, आणि फिरता भोवरा जसा तोल सोडीत नाहीं तशी ती आपली दिशा सोडीत नाहीं. परंतु चऱ्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठासण्यास फार वेळ लागे. मिनिए नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें १९ व्या शतकाच्या मध्यास बुडाशीं पोकळ अशी लांबट गोळी तयार केली. ती सहज आंत जाई आणि बार होतांच फुगून चऱ्यांत बसे. लंडनच्या उत्तरेस असलेल्या एन्फील्ड गांवच्या कारखान्याचें नांव मिळालेल्या १८५३ च्या रायफलींत याच जातीची गोळी होती. तिचीं चरबी लावलेलीं काडतुसें दांतांनीं तोडावीं लागत. त्यांवरून १८५७ सालीं काय झालें, तें तुम्ही धड्यांत वाचलेंच आहे. धड्यांत नसलेली गोष्ट अशी कीं, त्यानंतर हिंदी शिपायांस जी एन्फील्ड मिळाली ती बाहेरून तशीच, पण आंतून गुळगुळीत केलेली होती! ज्याचा विश्वास वाटत नाहीं, त्याच्या हातीं बंदूक द्यावयाची, पण नेम द्यावयाचा नाहीं.

आपल्या मुलाच्या चित्रांतील रायफल या घराण्यांत पुढें जन्मली. तिची खटक्याची रचना आणि काडतुसांची पेटी जेम्स पॅरिस ली याची. तो १८३१ सालीं स्कॉटलंडमध्यें जन्मला, कॅनडांत वाढला आणि अमेरिकेंत कारागीर झाला. नळीचे चरे १८९५ पासून एन्फील्डचे. म्हणून तिचें नांव ली-एन्फील्ड. पुढें ती ऑस्ट्रेलियांत लिथगो येथें, बंगालमध्यें इशापूर येथें, आणि दुसऱ्या महायुद्धांत कॅनडा व अमेरिका येथेंही तयार झाली. काडतुसांपैकीं पुष्कळ आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांतलीं. तो कारखाना १८६९ चा. स्वातंत्र्यानंतर इशापूरच्या रायफलीवरील राजमुकुट जाऊन तेथें अशोकस्तंभाचे सिंह आले. जर्मनीच्या मौझर बंधूंची रायफलही अशीच स्पेन, तुर्कस्तान, स्वीडन, चिली असे देश फिरली आणि प्रत्येक ठिकाणीं थोडी बदलली.

इतकें झाल्यावर एका मुलीनें विचारलें, "मग सर, ही बंदूक चांगली कीं वाईट?"

आम्ही क्षणभर थांबलों. मग दोन तारखा सांगितल्या. १३ एप्रिल १९१९ रोजीं अमृतसरच्या जालियनवाला बागेंत नि:शस्त्र लोकांवर १६५० गोळ्या झाडल्या गेल्या, त्या याच ली-एन्फील्ड जातीच्या रायफलींतून. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्लेखोरांच्या हातीं नव्या स्वयंचलित बंदुका असतां, प्रवाशांच्या बाजूनें कांहीं पोलीस शिपाई उभे राहिले, तेही हीच जुनी 'थ्री नॉट थ्री' घेऊन. "लोखंड तेंच होतें," आम्ही म्हणालों, "आतां उत्तर तुम्हीच शोधा."

तो मुलगा तोंवर गप्प होता. परततांना आम्हीं त्यास एक नवी वही दिली आणि पहिल्या पानावर तें चित्र पुन्हां काढ म्हणून सांगितलें. आठ दिवसांनीं त्यानें वही आणून दाखविली. चित्राखालीं प्रश्न तोच होता. उत्तरांत त्यानें लिहिलें होतें: 'स्कॉटलंड, कॅनडा, अमेरिका, एन्फील्ड, इशापूर, खडकी. आणि ज्याच्या हातांत असेल त्याची.' शेवटचें वाक्य आम्हीं शिकविलेलें नव्हतें.

विद्यार्थीमित्रांनो, मनांतला प्रश्न शेवटच्या पानावर लपवूं नका. हात वर करून विचारा. आणि पालकहो, तसें एखादें पान आपल्या हातीं पडलें तर फाडण्यापूर्वीं खालची ओळ वाचून पाहा. आम्हीं ती वाचली नाहीं, ही रुखरुख आम्हांस अजून आहे.